ग्रिफीची २,३१२ कार्डे आणि एक कुंपण: एका संग्रहाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

संग्राहक पन्नाशीतले, मूळचे नाशिक जिल्ह्यातले. १९९६ साली नोकरीसाठी सिएटलजवळच्या रेडमंडला गेले. क्रिकेटवर वाढलेला माणूस बेसबॉलकडे वळायला एखादा खेळाडू लागतो, आणि त्या वर्षांत सिएटलमध्ये तो शोधावा लागत नव्हता. १९८७ च्या निवडप्रक्रियेत देशात पहिल्या क्रमांकावर उचललेला, टोपी उलटी घालून सराव करणारा, मधल्या मैदानाच्या भिंतीवर चढून झेल घेणारा डावखुरा केन ग्रिफी ज्युनिअर. १९९० ते १९९९ अशी सलग दहा वर्षे त्याला गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, मिळाला. १९९७ आणि १९९८ मध्ये त्याने प्रत्येकी ५६ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले. किंगडोम स्टेडियममध्ये ऑफिसच्या मित्रांबरोबर पाहिलेल्या दोन-चार सामन्यांनंतर कोपऱ्यावरच्या दुकानातून खेळाडूंची छायाचित्रे छापलेल्या कार्डांची पाकिटे घरी येऊ लागली.

त्याआधीची वर्षे कार्डांच्या महापुराची होती. १९८१ नंतर टॉप्स या कार्ड कंपनीची मक्तेदारी संपली आणि डॉनरस, फ्लीअर, मग स्कोअर, १९८९ मध्ये अपर डेक असे एकेक उतरत गेले. प्रत्येकाने भरमसाट छापले. ग्रिफीचे रूकी कार्ड, म्हणजे पदार्पणाच्या वर्षातले कार्ड, नेमके या काळातले. त्यामुळे ते प्रसिद्धही आहे आणि ढिगाने उपलब्धही. नवशिक्या संग्राहकाचा पहिला गोंधळ इथेच होतो.

२००१ मध्ये नोकऱ्यांची पडझड झाली तेव्हा हे गृहस्थ काही वर्षे पुण्यात परतले. कार्डांची खोकी मित्राच्या गॅरेजमध्ये राहिली, एक बुटांचा डबा तेवढा सामानातून डोंबिवलीला धाकट्या भावाच्या घरी गेला आणि माळ्यावर चढला. पुढे ते पुन्हा सिएटलला गेले, घर घेतले, कार्डे विसरली. २०२० मध्ये सगळे घरात बसलेले असताना छंद परत उफाळला, आणि या वेळी दुकानाऐवजी फोनवर.

अडचण

सप्टेंबर २०२३. मुलगी कॉलेजला गेलेली, मोठे घर विकून दोन खोल्यांच्या सदनिकेत जायचे ठरलेले. गॅरेजमध्ये पाच लांब खोकी आणि सात बाइंडर. पत्नीने विचारले, "अहो, यातलं नेमकं काय न्यायचंय?" उत्तर देता येईना, कारण काय आहे हेच माहीत नव्हते.

मोजणीला चार शनिवार-रविवार गेले. एकूण २,३१२ कार्डे. त्यांत ६११ वेगवेगळी, १,६५८ डुप्लिकेट, आणि ४३ ग्रिफी ज्युनिअरची नव्हतीच. या ४३ मधली बहुतेक वडिलांची. केन ग्रिफी सीनिअरसुद्धा व्यावसायिक खेळाडू. ३१ ऑगस्ट १९९० ला बापलेक सिएटलच्या मरिनर्स संघाकडून एकाच सामन्यात उतरले होते, म्हणून त्या दोन-तीन वर्षांच्या संचांत दोघांची कार्डे आहेत. "ग्रिफी, ५० कार्डे" असा घाऊक लॉट घेतला की त्यात वडील हमखास येतात.

मग पैशांचा हिशेब. २०२० पासूनच्या ऑनलाइन खरेदीच्या नोंदी उतरवून काढल्या तेव्हा ३,३६० डॉलर निघाले. पैकी ६४० निव्वळ टपालखर्च आणि विक्रीकर. उरलेल्या २,७२० मधले ४१० डॉलर आधीच घरात असलेली कार्डे पुन्हा घेण्यात गेले होते. मोठ्या खरेदीला माणूस दहा वेळा विचार करतो. चार डॉलरचे कार्ड आणि त्यावर साडेचार डॉलरचे टपाल हे मात्र रात्री अकरा वाजता अंगठ्याने होऊन जाते.

तिसरी गोष्ट साठवणीची. नव्वदच्या दशकातली बाइंडरची पाने मऊ पीव्हीसीची होती. उघडली की नव्या रेनकोटसारखा वास येई आणि आतल्या कार्डांवर तेलकट थर बसलेला. बाइंडर गोल कड्यांचे, त्यामुळे कड्यालगतच्या कार्डांच्या कडेला चंद्रकोरीसारखा दाब उमटलेला. गॅरेजमधली आर्द्रता हिवाळ्यात ७० टक्क्यांच्या वर जायची. चकचकीत धातूसारख्या पृष्ठभागाची कार्डे पन्हाळीसारखी वळली होती, कारण मागचा कागद ओल शोषून फुगतो आणि पुढचा थर जागचा हलत नाही.

फसलेली एक खरेदी

इथे जरा थांबायला हवे, कारण पुढचे बरेच निर्णय या एका कार्डाने बदलले.

१९९३ मध्ये टॉप्सने फाइनेस्ट नावाचा महागडा संच काढला. त्यात रिफ्रॅक्टर हा प्रकार पहिल्यांदा आला. तेच कार्ड, पण प्रकाशात तिरके धरले की इंद्रधनुष्यी पट्टे दिसतात. प्रत्येक खेळाडूचे सुमारे २४१ रिफ्रॅक्टर छापले असे मानले जाते. ग्रिफीचे कार्ड क्रमांक ११०. मेख अशी की पुढच्या वर्षांच्या कार्डांवर मागे "रिफ्रॅक्टर" असे छापलेले सापडते, १९९३ च्या कार्डांवर ते नाही. साधे फाइनेस्ट आणि रिफ्रॅक्टर यांतला फरक फक्त चमकेचा. साधे कार्डही चमकतेच, पण चंदेरी, एकसारखे.

संग्राहकांनी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून "१९९३ फाइनेस्ट रिफ्रॅक्टर, ग्रिफी" म्हणून २१० डॉलरला घेतलेले कार्ड साधे निघाले. फोटो समोरून, फ्लॅश मारून काढलेला. अशा फोटोत कुठलेही चकचकीत कार्ड सप्तरंगी दिसू शकते. खरा रिफ्रॅक्टर त्या किमतीच्या कितीतरी पट वर जातो, म्हणजे किंमतच बोलत होती. पण घाव बसला तो वेगळ्याच कारणाने. पाकीट न उघडता सात आठवडे शेल्फवर पडून होते. परत करण्याची ३० दिवसांची मुदत उलटून गेली.

ओळखायची रीत सोपी आहे. त्याच वर्षाच्या फाइनेस्टचे कुठलेही साधे कार्ड शेजारी ठेवायचे, खोलीतला एकच दिवा चालू ठेवायचा आणि दोन्ही कार्डे एकदम हळूहळू कलती करायची. रिफ्रॅक्टर असेल तर फरक शेंबड्या पोरालाही दिसतो. एकटे कार्ड हातात धरून बघितले तर मन हवे ते दाखवते.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग: ग्रिफीचे सगळे जमवायचे. नव्वदच्या मध्यापासून एकाच कार्डाच्या सोनेरी, चंदेरी, कोरीव, क्रमांक टाकलेल्या आवृत्त्या निघू लागल्या, त्यांना पॅरलल म्हणतात. १९९७ मध्ये तर जगात एकच प्रत असलेली कार्डे आली. खेळाडू २०१० मध्ये निवृत्त झाला तरी त्याची नवी कार्डे आजही छापली जातात. "सगळे" ही यादी दर महिन्याला लांबते. हा मार्ग पहिल्याच संध्याकाळी बाद झाला.

दुसरा: फक्त १९८९ ची रूकी कार्डे, तीही सगळी ग्रेडिंग करून, म्हणजे कंपनीकडून तपासून, १ ते १० गुण घेऊन, प्लास्टिकच्या बंद स्लॅबमध्ये. दिसायला देखणे, जागा कमी. पण जवळजवळ ३० वर्षांचा प्रवास सहा-सात स्लॅबमध्ये आटोपतो, आणि संग्राहकांना पाने उलटायला आवडत होते.

तिसरा: सगळे विकायचे. दुकानदाराने खोकी न उघडता ३०० डॉलर सांगितले. त्याच्या बाजूने पाहिले तर भाव गैर नव्हता. त्या काळच्या साध्या कार्डांना घाऊकात सेंटातच भाव मिळतो.

चौथा: कुंपण घालायचे. संग्रहात काय बसते याचा लेखी नियम करायचा, त्यात न बसणारे विकायचे, बसणारे नीट ठेवायचे. हा मार्ग निवडला.

कुंपण कसे ठरले

पहिला मसुदा होता "सिएटलची वर्षे". ग्रिफीला १० फेब्रुवारी २००० रोजी सिनसिनाटी रेड्सकडे देण्यात आले. म्हणून १९८९ ते १९९९. पण २००० च्या सुरुवातीच्या संचांत त्याचे छायाचित्र सिएटलच्याच गणवेशात आहे, कारण छपाई आधी झालेली. मग नियम बदलला: वर्ष न बघता छायाचित्रातला गणवेश बघायचा. त्याने २००९ आणि २०१० ची परतीची वर्षेही आपोआप आत आली.

गणवेशाचा नियम मात्र सगळ्यांत प्रसिद्ध कार्डावरच अडखळतो. अपर डेक १९८९ चे क्रमांक १ चे कार्ड, ज्यात अठरा वर्षांचा ग्रिफी बॅट खांद्यावर घेऊन हसतो आहे, त्यातला फोटो मरिनर्सच्या गणवेशातला नाहीच. तो सॅन बर्नार्डिनो या कनिष्ठ संघाकडून खेळतानाचा आहे, आणि कंपनीने टोपी रंगवून मरिनर्सची केली. हे कार्ड वगळणारा नियम करण्यात अर्थ नव्हता. शेवटी वाक्य असे झाले: "कार्डावर मरिनर्स छापलेले असावे किंवा अंगावर मरिनर्सचा गणवेश असावा, कार्ड मुख्य संचातले असावे, पॅरलल नवे घ्यायचे नाहीत, आहेत ते दर वर्षी जास्तीत जास्त दोन ठेवायचे." हे वाक्य याद्यांच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीत लिहिले.

फाइल साधी: वर्ष, कंपनी, क्रमांक, प्रती, स्थिती, कुठे ठेवले, किती दिले. किती दिले या रकान्यात टपालासकट आकडा. फोनवरून उघडता येईल अशी ठेवली, कारण डुप्लिकेट फोनवरूनच येत होती.

६११ पैकी ३८८ कुंपणाच्या आत राहिली, २२३ बाहेर गेली.

काय केले

रूकी कार्डे आधी हाताळली. १९८९ च्या मुख्य टॉप्स संचात ग्रिफी नाही. तो वर्षाअखेरच्या टॉप्स ट्रेडेड या १३२ कार्डांच्या डब्यात ४१टी क्रमांकावर आहे. डॉनरस ३३, फ्लीअर ५४८, बाउमन २२०, स्कोअरच्या ट्रेडेड संचात १००टी, आणि अपर डेक १. यातले बाउमन वेगळे आहे. साधे कार्ड अडीच बाय साडेतीन इंच असते, हे पाऊण इंचाने नाही पण पाव इंचाने उंच, पावणेचार इंच. नऊ कप्प्यांच्या नेहमीच्या पानात ते वर डोकावते आणि बाइंडर मिटला की वरचे कोपरे मरतात. संग्राहकांच्या चारही बाउमन प्रती तशाच गेलेल्या. नवी प्रत आठ डॉलरला घेतली आणि उंच टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या आवरणात, ठेवली.

अपर डेक क्रमांक १ च्या सात प्रती होत्या. एक नकली निघाली. हे कार्ड नकली करणारे पूर्वीपासून आहेत. मागच्या होलोग्रामकडे बघायचे: खऱ्यात कार्ड कलते केले की अक्षरे सरकतात, नकलीत राखाडी चंदेरी ठिगळ दिसते. मग दहापट भिंगातून काळी अक्षरे बघायची. खऱ्या छपाईत काळा रंग भरीव असतो. कार्ड स्कॅन करून छापले असेल तर अक्षराची कड रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसते. नकली प्रत १९९८ मध्ये जुन्या बाजारातून घेतलेली होती. ती विकली नाही. मागे पक्क्या शाईने "नकली" लिहून शेजारी तुलनेसाठी ठेवली.

ग्रेडिंगचा निर्णय घाईत झाला, असे आम्ही म्हणू. बारा कार्डे पाठवली: चार अपर डेक, आणि टॉप्स ट्रेडेड, बाउमन, फ्लीअर, डॉनरस, स्कोअर, १९९० चे लीफ, १९९३ चे एसपी आणि ते फाइनेस्ट, प्रत्येकी एक. प्रत्येक कार्ड पातळ स्लीव्हमध्ये, मग अर्धकडक होल्डरमध्ये. टॉपलोडरमध्ये पाठवलेले कार्ड काढताना कोपरा लागू शकतो, म्हणून ग्रेडिंग कंपन्या सहसा अर्धकडकच मागतात. सगळे मिळून ३४८ डॉलर, म्हणजे कार्डामागे २९.

निकाल: एक १०, पाच ९, चार ८, दोन ७. दहा मिळाले ते फ्लीअरला, सगळ्यांत सामान्य कार्डाला. अपर डेकच्या चार प्रतींना ९, ९, ८, ७. हे कार्ड छपाईच्या मोठ्या तावात कोपऱ्यावर होते, त्यामुळे पाकिटातून ताजे काढलेल्या प्रतीचाही कोपरा दबलेला सापडतो. सात मिळालेल्या प्रतीत दोष कोपऱ्याचा नव्हता. पट्टीने मोजल्यावर डावी पांढरी कड १.९ मिलिमीटर, उजवी १.३. म्हणजे ५९/४१. एवढ्यावर दहा गुण मिळणे अवघड हे आधीच कळले असते, पण सात येण्यामागे मागच्या बाजूची बारीक घडी होती. ती भिंगातून दिसली नव्हती, तिरप्या उजेडात दिसली असती.

बाकीचे पटकन सांगण्यासारखे. सात बाइंडरऐवजी डी आकाराच्या कड्यांचे तीन, पॉलिप्रॉपिलीनची पाने. खोकी गॅरेजमधून घरातल्या कपाटात, आर्द्रता ४५ ते ५० टक्के, आत दहा डॉलरचा आर्द्रतामापक. वळलेली कार्डे तिथे तीन महिने सपाट ठेवल्यावर बरीचशी सरळ झाली, वजन न ठेवता. डुप्लिकेटमधली १,२०० कार्डांच्या प्रदर्शनात एकाच माणसाला ९० डॉलरना दिली, ३८२ शेजारच्या मुलांच्या बेसबॉल संघात वाटली, ७० अदलाबदलीसाठी ठेवली.

डोंबिवलीचा डबा

नोव्हेंबर २०२३ ला दिवाळीसाठी संग्राहक भावाकडे आले. भाऊ म्हणाला, "दादा, तुझी ती पत्त्यांची पेटी अजून माळ्यावर आहे, काढू का?"

आत १६४ कार्डे, रबरबँडने बांधलेली. रबर वितळून कडांना चिकटलेला. त्यात ३८ कार्डांची एक वीट झाली होती: १९९१ चा स्टेडियम क्लब, ज्यावर चकाकीचा जाड लेप असतो. बावीस पावसाळ्यांची ओल, छताच्या स्लॅबखालची उन्हाळ्याची धग आणि रबराचा दाब, तिन्ही मिळून लेपाला लेप चिकटला. ग्रिफीचे क्रमांक २७० यांतलेच.

ओढून सुटे करायचे नाही, ओढले की एका कार्डाचे तोंड दुसऱ्याच्या पाठीवर राहते. वीट हवाबंद पिशवीत घालून सहा तास फ्रीजरमध्ये ठेवली. बाहेर काढून पिशवी न उघडता दोन्ही हातांनी हलकेच पुढे-मागे वाकवली, साधारण पत्ते पिसताना वाकवतो तितकी. टिक टिक असा आवाज येतो, तो सुटत असल्याचा. पिशवी लगेच उघडली तर बाहेरच्या दमट हवेचे पाणी थंड कार्डांवर धरते, म्हणून ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडली. चार फेऱ्यांत २१ कार्डे स्वच्छ सुटली, ११ चा लेप उडाला.

निकाल

मे २०२४ मध्ये घर बदलले तेव्हा संग्रहाचे सामान तीन बाइंडर आणि एक आडवे खोके इतके होते. अपर डेकची एक ९ गुणांची प्रत ठेवली. दुसरी ९ ची १२८ डॉलरना गेली, ८ ची ७२ ला, ७ ची ४८ ला. ग्रेडिंग न केलेल्या दोन ५५ प्रमाणे. ही ओळ हिशेबाच्या फाइलमध्ये लाल करून ठेवली आहे: ७२ मधून २९ वजा केले की ४३ उरतात, आणि न पाठवलेल्या प्रतीला ५५ मिळाले. कुंपणाबाहेरची २२३ कार्डे, मुख्यतः सिनसिनाटीच्या काळातली क्रमांकित, १,१५० डॉलरना गेली. प्रदर्शनातल्या ९० सह एकूण विक्री १,५९८. कमिशन आणि टपाल जाऊन हातात १,३७० आले.

काय वेगळे करता आले असते

मोजणी आणि कुंपण २०२० मध्येच झाले असते तर ४१० डॉलरची दुबार खरेदी टळली असती. इतके तरी सरळ आहे. ग्रेडिंगबद्दल मतभेद होऊ शकतो. संग्राहकांना आपल्याच जुन्या प्रतीला गुण हवे होते, हे समजण्यासारखे आहे. पण निव्वळ "९ ची प्रत संग्रहात हवी" एवढेच असते तर आधीच ग्रेड झालेली विकत घेणे स्वस्त पडले असते. पाठवायचीच तर सहा पुरे होती: कडा मोजून, तिरप्या उजेडात पुढून-मागून बघून, जिथे ९ च्या खाली गुण येण्याची शक्यता आहे ती सगळी मागे ठेवून.

आलेले पाकीट त्याच दिवशी उघडायचे, हा नियम नंतर फाइलच्या दुसऱ्या ओळीत आला. आणि शंभर डॉलरच्या वरच्या कार्डाला विक्रेत्याकडून एका दिव्याखाली कलते करून काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ मागायचा, हा तिसऱ्या ओळीत. मागितल्यावर गप्प बसणारे विक्रेते पुढच्या वर्षात दोन निघाले.

स्टेडियम क्लबच्या विटेतली सहा कार्डे अजून चिकटलेलीच आहेत. पाचव्या फेरीत वरच्या कार्डाच्या कोपऱ्यावरचा लेप उठू लागला तेव्हा संग्राहकांनी थांबवले. त्यातले तिसरे ग्रिफीचे असावे, कडेला मरिनर्सचा निळा रंग दिसतो. ती वीट आहे तशी, पातळ पिशवीत, खोक्याच्या शेवटच्या कप्प्यात ठेवली आहे.